सोमवारचा पीळ

आमच्या प्रयोगशाळेत त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात होतं. बाकी सगळ्यांसाठी तो पेचकस. लोकांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, याच्या खिशाला पिवळ्या मुठीचा बोटभर लांब स्क्रूड्रायव्हर असायचा, म्हणून हे नाव. तोंडावर सगळे 'अहो साहेब' आणि पाठ वळली की पेचकस. मी मात्र बावीस वर्षं त्याच्या टेबलाला टेबल लावून काढली, त्यामुळे मी तोंडावरही पेचकस म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. तो मोजायचा आणि मी टाइप करायचे, एवढंच आमचं नातं. पण बावीस वर्षं एकाच खोलीत काढली की माणूस घरच्यांपेक्षा जास्त कळतो आणि जास्त डोक्यातही जातो.

डोक्यात जायचं कारण म्हणजे तो एका जागी बसायचाच नाही. खुर्ची होती, पण ती त्याची पिशवी ठेवायला. चहा हातात घेऊन खोलीभर फिरायचा, मग तो पेला कुठल्या तरी खिडकीत विसरायचा आणि तासाभराने मलाच विचारायचा, "बाई, माझा चहा पाहिलात का?"

"पाहिला. थंड होऊन वारला."

त्याला हसू यायचं नाही. विनोद कळायला माणूस निदान दोन मिनिटं तरी स्थिर असावा लागतो.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लोक विहिरीचं पाणी पाठवायचे, माती पाठवायचे, दुधाची पावडर पाठवायचे, फरशीचे तुकडे पाठवायचे. जगातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूत थोडासा किरणोत्सर्ग असतोच. प्रश्न एवढाच की किती. नमुना डबीत भरायचा, शिशाच्या जाड पेटीत ठेवायचा आणि वाट बघायची. नमुन्यातून गॅमा किरण निघतो, पेटीतल्या डिटेक्टरवर आदळतो आणि तिथे विजेचा एक बारीकसा ठोका उमटतो. मशीन हे ठोके लहानमोठे निवडून त्यांचा आलेख काढतं. प्रत्येक मूलद्रव्याचा सुळका त्या आलेखावर आपल्या ठरलेल्या जागी उठतो. सुळक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ मारायची आणि दोन रेघांच्या आत पडलेले ठोके मोजायचे, की झालं. मर्यादा शंभर धरली तर कुणाचं पाणी तीस यायचं, कुणाचं साठ. शंभरच्या आत असलं की मी 'पिण्यास योग्य' असं टाइप करायचे आणि खाली पेचकस सही करायचा.

ते जुनं ॲनालॉग मशीन म्हणजे माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट. त्यात एकावर एक खण, प्रत्येक खणावर बटणं. डिटेक्टरमधून आलेला ठोका या खणातून त्या खणात जाताना मोठा व्हायचा, घोटीव व्हायचा आणि शेवटी मोजला जायचा. रोज सकाळी एक ठरलेला नमुना ठेवून सुळका आपल्या जागेवर येतो की नाही हे पेचकस तपासायचा. सोमवारी तो कधीच जागेवर नसायचा. चार-चार चॅनेल, म्हणजे आलेखावरची चार-चार बारीक घरं, बाजूला सरकलेला. मग पेचकस एक बारीक बटण केसभर पिळायचा आणि सुळका मुकाट्याने जागेवर यायचा. मंगळवारी तेच बटण केसभर उलटं. याला तो 'सोमवारचा पीळ' म्हणायचा आणि नव्या माणसाला मोठ्या कौतुकाने दाखवायचा. "सुट्टी माणसाला मानवते, मशीनला मानवत नाही," असं म्हणायचा आणि वहीत 'सुरळीत' असा शेरा लिहायचा. एवढा सरळ प्रश्न समोर असताना आम्हां दोघांपैकी कुणीही कधी विचारलं नाही की बाबा, शुक्रवारी धडधाकट असलेलं मशीन सोमवारी का बिघडतं?

एकतीस वर्षांत त्याच्या सहीचं एकही प्रमाणपत्र खोटं ठरलं नव्हतं. हे तो बोलून दाखवायचा नाही, पण दुसऱ्या कुणी बोललं की लगेच खोलीतून बाहेर जायचा आणि व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून यायचा. माणूस लाजला की असंच करतो.

त्याला एक थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून याचं न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. ती आमच्यापासून तीन तासांवर एका छोट्या वस्तीत राहायची. अंगणात विहीर, आणि आजूबाजूची अकरा घरं त्याच विहिरीचं पाणी भरायची. सहा वर्षांपूर्वी त्या बाजूच्या खडकात रेडियम आहे अशी बोलवा उठली, तेव्हा ताईंनी एक कॅन भरून भावाकडे पाठवला. पाणी मर्यादेच्या जवळ निघालं. जवळचा नमुना घाईत मोजून चालत नाही, थोडे ठोके मोजले तर आकडा डळमळतो. म्हणून पेचकसने तो शुक्रवारी संध्याकाळी पेटीत ठेवला आणि सोमवारी सकाळी काढला. पंचाण्णव. त्याने माझ्याच टेबलावरून फोन लावला. "ताई, बिनधास्त पी. मी स्वतः मोजलंय."

त्याच्या निवृत्तीला दोन महिने राहिले असताना नवं डिजिटल मशीन आलं. कपाटाच्या जागी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, तिला ना बटण ना खण. डिटेक्टरचा ठोका आत शिरल्या शिरल्या त्याचे आकडे करायचे आणि पुढचं सगळं हिशेबाने, अशी तिची रीत. पेचकस तिच्याभोवती तीनदा फिरला. स्क्रूड्रायव्हर लावायला जागाच नाही म्हटल्यावर त्याने तो खिशात परत ठेवला आणि म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस."

आमच्या प्रमुख मॅडम वर्षभरापूर्वीच बदलून आलेल्या. कडक, पण उगाच कुणाला पाण्यात पाहणाऱ्या नव्हेत. त्यांनी फर्मान काढलं की जुनं काढून टाकण्याआधी दोघांची तुलना करायची. डिटेक्टरच्या मागे दोन तोंडं असतात. एका तोंडाला जुनं जोडायचं, दुसऱ्याला नवं. म्हणजे तोच किरण, तोच ठोका, त्याच क्षणी दोघांकडे जाणार. ज्यांचं खरं उत्तर आधीच माहीत आहे असे प्रमाणित नमुने ठेवायचे आणि कोण किती खरं बोलतं ते बघायचं. तीन आठवडे, मंगळवार ते शुक्रवार. सोमवार सोडला होता, कारण सोमवार पिळात जायचा.

"आणि जुनं चुकलं तर?" मी सहज विचारलं.

"तर मी सह्या केलेल्या सगळ्या कागदांवर बोट ठेवता येईल," तो म्हणाला. "जाता जाता हेच नको होतं."

त्या दिवसापासून त्याची फिरफिर दुप्पट झाली. जोडणीची वायर सकाळी तपासायचा, दुपारी परत तपासायचा. डिटेक्टर गार ठेवणारा द्रव नायट्रोजन आठवड्यातून एकदा भरला तरी पुरतो, हा रोज झाकण उघडून आत डोकावायचा. माझ्या टाइपिंगचा आवाज त्याला सहन होईना. एकदा मी चिडून म्हणाले, "परीक्षा मशीनची आहे, पेचकस. तुमची नाही."

"एकतीस वर्षं ते मशीन म्हणजे मीच आहे, बाई." आणि निघून गेला.

पहिल्या दोन आठवड्यांत निकाल आला तो मात्र झकास. अशक्त नमुन्यात दोघं बरोबर. मध्यम नमुन्यात दोघं बरोबर. जुन्याचा सुळका तर नव्यापेक्षा एक तसूभर जास्त टोकदार. फार जोरदार नमुन्यात जुनं मागे पडलं, कारण ठोक्यांची गर्दी झाली की त्याचा गोंधळ उडतो. पण असले नमुने आमच्याकडे कुणी पाठवतच नाही. मॅडमनी अहवालाचा मसुदा माझ्याकडे दिला. त्यात लिहिलं होतं की नेहमीच्या कामात दोन्ही प्रणाली सारख्याच अचूक आहेत, सबब पूर्वीची सर्व प्रमाणपत्रं ग्राह्य आहेत. पेचकसने ते वाक्य माझ्या खांद्यावरून वाचलं आणि सगळ्या ऑफिसला चहा पाजला. त्या दिवशी त्याने स्वतःचा चहाही गरम असतानाच संपवला.

माशी शिंकली ती सवयीमुळे. शुक्रवारी संध्याकाळी पेटी रिकामी ठेवून घरी जायची त्याला सवयच नव्हती. त्या शुक्रवारीही दिवसाची तुलना संपल्यावर त्याने साठचा प्रमाणित नमुना आत ठेवला आणि दोन्ही मशीन चालू करून गेला. कुणी सांगितलं नव्हतं, आराखड्यात नव्हतं. सोमवारी सकाळी मी आले तेव्हा तो दोन पडद्यांच्या मधे उभा होता. एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे.

"काय झालं?"

"नवं म्हणतंय साठ. जुनं म्हणतंय छप्पन."

"मग नवं चुकलं असेल."

"बाई, नमुना साठचाच आहे."

त्याने वायर बदलली. कपाटाच्या मागे आडवा होऊन सगळे जोड पुसून काढले. मंगळवारी तोच नमुना परत ठेवला, दोन्ही साठ. बुधवारी साठ. गुरुवारी साठ. दुसरा कुणी म्हणाला असता, चला, आलं ताळ्यावर. पण याच्या मनात पाल चुकचुकली होती ती गप्प बसेना. जेवताना डबा उघडा टाकून निघून जायचा. व्हरांड्यात वॉचमनशी काहीतरी बोलायचा. शुक्रवारी निघताना माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ टेबलावर टकटक वाजवत म्हणाला, "रविवारी दुपारी येता का? मला साक्षीदार पाहिजे."

"रविवारी? घरी कपड्यांचा ढीग पडलाय माझ्या."

"या ना."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा 'ना' लावला, म्हणून गेले.

रविवारी दुपारी खोलीचं दार उघडलं आणि गरम हवेचा लोट तोंडावर आला. एरवी आमची खोली इतकी गार की मी बारा महिने स्वेटर घालून टाइप करायचे. भिंतीवरच्या तापमापकात छत्तीस. पेचकसने वॉचमनला बोलावलं आणि माझ्यासमोर पुन्हा विचारलं, "एसी कधी बंद करतोस?"

"शनिवारी दोन वाजता, साहेब. सोमवारी आठला चालू. हुकूम आहे ना तसा."

हुकूम होता. विजेची बचत म्हणून सुट्टीच्या दिवशी सर्व एसी बंद. अकरा वर्षांपूर्वीचा कागद, फाटकापाशी फळ्यावर अजून चिकटवलेला. मला आणखी घाम फुटला, कारण तो कागद मीच टाइप केला होता. पेचकसने शुक्रवारी नमुना ठेवायचा आणि घरी जायचं, सोमवारी नऊला यायचं. मधले दोन दिवस ही खोली कशी असते हे आम्हां दोघांपैकी कुणी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याने दोन्ही मशीनवर कोरा आलेख सुरू केला आणि आम्ही बघत राहिलो. नव्या मशीनचा सुळका रेघांच्या मधोमध उठला. अर्धा चॅनेल सरकला असेल, जास्त नाही. जुन्याचा सुळका मात्र तासाभरात चार चॅनेल बाजूला उठला, आणि त्याचा एक खांदा रेघेच्या बाहेर सांडला होता. रेघेबाहेरचे ठोके मोजायचे नाहीत, हा आमचा नियम. मशीन चुकत नव्हतं. ते प्रत्येक ठोका इमानाने मांडत होतं, फक्त उकाड्याने सरकलेल्या जागी. आणि आम्ही गार खोलीत मारलेल्या रेघांनी तो खांदा कापून टाकत होतो.

पेचकस खुर्चीवरच्या पिशवीसकट खाली बसला. बावीस वर्षांत मी त्याला बसलेला पाहिला नव्हता, म्हणून मीच घाबरले.

"दर सोमवारी मशीन मला सांगत होतं," तो म्हणाला. "मी त्याचा कान पिळून त्याला गप्प करत होतो. आणि वर 'सुरळीत' लिहीत होतो."

"तुम्हाला कसं माहीत असणार?"

"मला नाही तर कुणाला माहीत असायचं?"

तो उठला आणि पुन्हा फिरायला लागला.

सोमवारी मी रजिस्टर काढलं. सुट्टीत कोणते नमुने मोजले जायचे? जे मर्यादेच्या जवळ असायचे तेच, कारण त्यांनाच जास्त वेळ लागायचा. म्हणजे ज्यांना अचूक आकड्याची सगळ्यांत जास्त गरज, नेमके त्यांनाच आम्ही भट्टीत मोजलं होतं. शंभराला सात कमी. एसीचा हुकूम निघाल्यापासून शनिवार-रविवारी मोजून, त्र्याण्णवच्या वर येऊनही पास झालेली प्रमाणपत्रं त्रेचाळीस निघाली. मी एकेक ओळ वाचत होते आणि तो पाठमोरा खिडकीशी उभा राहून ऐकत होता. ताईंची ओळ आली तेव्हा मी थांबले.

"वाचा," तो म्हणाला.

"पंचाण्णव."

प्रत्येक नमुन्याची एक जोडबाटली आम्ही सीलबंद करून दहा वर्षं कोठारात ठेवतो. त्याने ताईंची बाटली शोधून आणली आणि मंगळवारी पेटीत ठेवली. रेडियम सहा वर्षांत कुठे जात नाही. साठ वर्षांतही फारसं जात नाही. शुक्रवारपर्यंत, एसी चालू ठेवून, दोन्ही मशीनवर. त्या तीन दिवसांत तो माणूस नुसता भिरभिरत होता. पडद्यावर बघायचा, मान फिरवायचा, बाहेर जायचा, दारातून परत यायचा. ठोके कमी पडावेत असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटतंय याचीच त्याला लाज वाटत होती. हे त्याने मला सांगितलं, म्हणून मला माहीत. मलाही तेच वाटत होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी जुन्या मशीनने एकशे दोन सांगितलं. नव्या मशीननेही एकशे दोन सांगितलं. तीन आठवडे आम्ही ज्यांना भांडायला लावलं होतं त्यांचं इथे अगदी एकमत होतं.

तो मॅडमकडे गेला तेव्हा मी मुद्दाम मसुद्याची फाइल घेऊन मागोमाग शिरले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुलनेच्या आराखड्यात शनिवार-रविवार नाहीत. वरून विचारलंय ते एवढंच की नेहमीच्या परिस्थितीत दोन्ही सारखी आहेत का. आहेत. आणि एकशे दोन म्हणजे तीन इकडे, तीन तिकडे. ते नव्याण्णवही असू शकतं."

"मग एकशे पाचही असू शकतं, मॅडम."

त्या म्हणाल्या, "मी लपवा म्हणत नाहीये. विचारलंय तेवढ्याचं उत्तर द्या म्हणतेय. अहवाल संध्याकाळी जायला हवा. सही तुमची आहे, तुम्ही बघा."

बाहेर आल्यावर मीही तोंड उघडलंच. "निवृत्तीला तीन आठवडे राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, पेचकस. नवं मशीन आलंय, यापुढे कुणाचं चुकणार नाही. मागचं उकरून काय मिळणार?"

"मूठ माझी आहे हो," तो माझ्यावर खेकसला, "पण पाणी कोण पितंय?" बावीस वर्षांत तो माझ्याशी असा कधी बोलला नव्हता. मी टेबलावर जाऊन उगाच कागद सरळ करत बसले.

दुपारभर त्याने व्हरांडा झिजवला. तीनच्या सुमाराला आत आला तेव्हा चेहरा जरा निवळलेला दिसला. म्हणाला, "ठरवलं. ताईला सांगतो, ते पाणी बंद कर म्हणून. आणि अहवालावर आहे तशी सही करतो. सगळ्यांचं भलं."

खोटं कशाला बोलू, माझ्या जिवात जीव आला. मीच फोन त्याच्यापुढे सरकवला.

ताईंचा आवाज मोठा. फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागायचा, त्यामुळे अख्ख्या खोलीला ऐकू जायचं.

"ताई, विहिरीचं पाणी प्यायचं थांबव."

"का रे? तूच म्हणाला होतास ना, बिनधास्त पी."

"चुकलं माझं." हे दोन शब्द बोलताना त्याने स्क्रूड्रायव्हर मुठीत इतका आवळला की बोटं पांढरी पडली. "मोजण्यात चूक झाली. पंचाण्णव नाही, एकशे दोन आहे."

"आणि शंभरला नापास?"

"हो."

"मग आम्ही आता मरतो की काय?"

"नाही गं, तसं काही नाही. एवढ्याने कुणाला काही होत नाही. वर्षानुवर्षं प्यायचं नसतं, एवढंच. ते गाळायचं यंत्र मिळतं, ते बसवलं की आकडा उतरतो. तोवर बाहेरून पाणी आणा."

"बरं. सांगते मी सगळ्यांना. अकराच घरं आहेत, संध्याकाळपर्यंत फिरून येईन." त्यांनी इतक्या सहज घेतलं की पेचकसचे खांदे खाली आले. तो फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बाळ, एवढंच आहे ना? मग तुझा आवाज असा का येतोय?"

एकोणसाठ वर्षांचा बाळ स्क्रूड्रायव्हरने माझं टेबल टोकरायला लागला.

"आणखी कुणाचं चुकलंय का रे?"

"बेचाळीस."

"त्यांना कळवलंस?"

"ते ऑफिसचं असतं, ताई. त्याचं एक... आराखड्यात ते बसत नाही."

"हां," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. विहिरीवरच्या बाईने शेजारणीला एखादी गोष्ट सांगावी तशा त्या म्हणाल्या, "त्यांचा कुणाचा भाऊ नाही ना तिथे."

फोन बंद झाला तरी तो तसाच धरून उभा राहिला. मग त्याने माझ्या टेबलावरचा अहवाल ओढला आणि सहीच्या रेघेच्या वर, उरलेल्या बोटभर जागेत, बारीक अक्षरात लिहायला लागला. जागा पुरेना तेव्हा कागद उलटा करून मागे लिहिलं. शनिवार-रविवार, छत्तीस अंश, चार चॅनेल, शंभराला सात, त्रेचाळीस प्रमाणपत्रं. सर्वांत शेवटी लिहिलं, 'वहीतील सुरळीत हे शेरे माझे आहेत.' खाली सही केली आणि मॅडमच्या खोलीत गेला. मी दारातून बघत होते. मॅडमनी दोन्ही बाजू दोनदा वाचल्या. पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. मग त्याच्या सहीखाली आपली सही केली आणि म्हणाल्या, "पत्रं आजच गेली पाहिजेत."

तो बाहेर आला. मी टाइपरायटरला कागद लावून तयार होते आणि पत्ता पाठ होता म्हणून ताईंच्या पत्रापासून सुरुवातही केली होती. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, पहिली ओळ वाचली आणि कागद ओढून काढला.

"क्रमांकाने घ्या, बाई," तो म्हणाला. "ती सतरावी आहे."